रांगणे : शून्य टक्के

प्लॅनिंग इंजिनीअर स्वतःच्या हातानं काहीच बांधत नाही. फिटर पाइप जोडतो, वेल्डर टॅक मारतो, क्रेनवाला दहा टनांचं ओझं अलगद जागेवर ठेवतो, आणि आम्ही पोर्टा केबिनच्या एसीत बसून त्यांना कळवतो की हे काम खरं तर गेल्याच महिन्यात व्हायला हवं होतं. या कामाचे पैसे मिळतात. मला ते मीना अब्दुल्लात मिळत होते. (मीना अब्दुल्ला ही बाई नव्हे, हे लग्न ठरताना मिरजेच्या सासुरवाडीला नीट समजावून सांगावं लागलं होतं.)

कुवेत शहराच्या दक्षिणेला, समुद्राला लागून तेलाच्या टाक्या, गोदामं, ट्रकांच्या रांगा आणि मधोमध रिफायनरी. ही रिफायनरी १९५८ ची, अमिनॉइल या अमेरिकन कंपनीनं उभारलेली. १९७८ पासून ती कुवेत नॅशनल पेट्रोलियम कंपनीकडे आहे. २०१४ मध्ये इंधनातलं गंधक कमी करायच्या मोठ्या प्रकल्पाची कंत्राटं झाली. त्या कंत्राटाच्या उपकंत्राटात, तिथून आणखी खाली कुठेतरी मी होतो. बायकोसह राहणारा मराठी माणूस मीना अब्दुल्लात घर करत नाही. तो महबुला, मंगफ नाहीतर फहाहीलला राहतो. आमचं बिऱ्हाड महबुल्यात होतं.

२०१६ च्या जूनअखेर बायकोनं गोड बातमी दिली आणि पहिला फटका माझ्या कव्हरॉलला बसला.

रिफायनरीत हायड्रोजन सल्फाइडची धास्ती असते, म्हणून प्रत्येकाच्या छातीला डिटेक्टर अडकवलेला असतो. हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग वायू झाला की तो किंचाळतो. माणसाच्या नाकाला तो सडक्या अंड्याचा वास त्याच्या कितीतरी आधी येतो, आणि दिवस राहिलेल्या बाईला तो नवरा तळमजल्यावर लिफ्टची वाट पाहत असतानाच येतो. मळमळीचा जोर साधारण नवव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतो असं नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळत होतं की दार उघडायच्या आधीच आतून ओकारीचा आवाज येतोय. हुकूम निघाला : कव्हरॉल घालून उंबरा ओलांडायचा नाही.

मग मी जिन्याच्या वळणावर कपडे बदलू लागलो. लिफ्टचं दार नेमकं माझा एक पाय कव्हरॉलमध्ये आणि एक बाहेर असतानाच उघडायचं. शेजारच्या मल्याळी बाईंनी बिल्डिंगच्या हारिसकडे तक्रार केली. हारिस म्हणजे आमचा इजिप्शियन रखवालदार. समजूतदार माणूस. "बाशमोहंदिस," त्यानं मला बाजूला घेतलं, "खाली पंपाची खोली आहे." त्या दिवसापासून मी पंपाच्या खोलीत कव्हरॉल उतरवून काळ्या पिशवीत भरायचो, पिशवी दाराशी ठेवायचो, आणि बनियन-हाफपँटवर वर जायचो.

काळी पिशवी दाराशी ठेवली की रखवालदार तिचं काय करतो, हे माझ्या प्लॅनिंगमध्ये आलं नव्हतं. २१ जुलैला कुवेतच्या उत्तरेला मित्रिबाहमध्ये ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. जागतिक हवामान संघटनेनं पुढे ते तपासून मान्य केलं. त्याच दिवशी संध्याकाळी मी इमारतीमागच्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत कमरेपर्यंत उतरलो होतो, कारण कव्हरॉलच्या खिशात गेटपास होता, आणि गेटपास हरवला की आधी पोलीस स्टेशन. पेटीचा काठ हातानं धरवत नव्हता. आतल्या मांजरांना माझं येणं पसंत नव्हतं. एकीनं मनगटावर ते लेखी नोंदवलं. हारिस वरून मोबाइलचा उजेड दाखवत "या सलाम, या सलाम" म्हणत होता. पिशवी सापडली. मी वर गेलो तर बायकोनं दारातूनच सांगितलं, "आधीचा वास बरा होता."

डॉक्टरांकडे जाऊन आलो त्या रात्री मी लॅपटॉप उघडला आणि प्रायमावेरा या आमच्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रोजेक्ट काढला.

सुरुवातीची तारीख टाकतानाच अडलो. कागदावर लिहिलं होतं आठ आठवडे. आमच्या दोघांच्या माहितीप्रमाणे सहा. चौकशी केल्यावर कळलं की जगभरचे डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. हायडेलबर्गचे फ्रान्झ नेगेले म्हणून एक प्रसूतितज्ज्ञ एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. त्या तारखेत २८० दिवस मिळवायचा हिशेब आजही त्यांच्या नावानं चालतो. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात काही नाहीच, बीज अजून सुटायचंय, आणि मोजणी मात्र चालू! काम मिळायच्या आधीपासून दिवस लावले तर आमच्या धंद्यात क्लायंट उभं करत नाही. मी ठरवलं, आपण खरा हिशेब धरायचा. गर्भोपनिषदही माझ्याच बाजूचं निघालं. एका रात्रीत कलल, सात रात्रींत बुडबुडा, पंधरवड्यात पिंड, दोन महिन्यांत डोकं, असं ते शिस्तीत मोजत जातं, आणि मोजतं ते मीलनाच्या रात्रीपासून. हा आधार मी बायकोला उत्साहानं वाचून दाखवला. तिनं लॅपटॉप मिटला. माझी बोटं आत होती.

पुढची अडचण आणखी लाजिरवाणी होती. एकेक अ‍ॅक्टिव्हिटी भरायला बसलो तर निम्मं काम आम्हाला न विचारता उरकलेलं. हृदय बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हलायला लागतं. ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटून बंद होते. बाळ तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढंसुद्धा भरत नाही, आणि पुष्कळ घरांत तोवर 'पाळी जरा लांबलीय' एवढीच वार्ता असते. म्हणून तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते. बायको घेत होती. मला ती केसगळतीची गोळी वाटत होती.

तरी मी हार मानली नाही. आराखडा पहिल्या वाढदिवसाच्याही पलीकडे नेला : मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे. एका अ‍ॅक्टिव्हिटीचं शेपूट दुसरीला बांधलं, म्हणजे आधीचं संपल्याशिवाय पुढचं सुरू होणार नाही. कुवेतचं कॅलेंडर टाकलं, त्यात सुट्ट्या घातल्या. शेवटी, सवयीनं, विलंबाचं रजिस्टर जोडलं. साइटवर उशीर कुणी माफ करत नाही; प्रत्येक उशिराला धनी लागतो. क्लायंट, ठेकेदार किंवा दैव, तिघांपैकी एकाचं नाव 'जबाबदार' या रकान्यात लिहून त्याखाली सही घ्यायची असते.

ऑक्टोबरात मोठी सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई पडद्याकडे बघता बघता सहज म्हणाल्या, "मुलगी आहे. मबरूक." मी आधी दाराकडे पाहिलं, मग भिंतीकडे. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी नव्हती. आमची अख्खी पिढी त्या पाटीखाली वाढली. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ मध्ये तो दिल्लीनं केला, आणि मुलींना पोटातच मारणाऱ्यांमुळे तो करावा लागला ही शरम वेगळीच. "हळू बोला," मी डॉक्टरबाईंना म्हणालो. त्यांना वाटलं मला मुलगी नकोय. त्यांनी चष्म्यावरून बघत मला मुलींचं महत्त्व समजावून सांगितलं, आणि शेवटी नर्सला बोलावून तिच्यादेखत पुन्हा सांगितलं. मला मुलगीच हवी होती, हे त्या खोलीत अजूनही कुणाला माहीत नाही.

कराडला फोन लावून आईला सांगितलं. पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला, मग टीव्ही मोठा झाला, आणि मग आई कुजबुजली, "फोनवर असलं काही बोलू नकोस. इकडे पकडतात."

डोहाळजेवणाला मात्र या माहितीचा कुणाला उपयोग झाला नाही. जमलेल्या बायकांनी रीतसर दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. बायकोनं उचलली पेढ्याची. झालं! फहाहीलच्या एक काकू म्हणाल्या, मशीनचं काय घेऊन बसलात, मशीन चुकतं. मी कोपऱ्यातून यंत्राच्या अचूकतेबद्दल बोलू लागलो तेव्हा मला मसालेभाताच्या पातेल्याकडे पाठवण्यात आलं.

आता गर्भसंस्कार. आमच्याकडे हा विषय अभिमन्यूपासून चालत आलेला. डॉ. बालाजी तांबे यांच्या पुस्तकानं तो घराघरांत पुन्हा नेला, आणि गर्भाला ऐकू येतं हे विज्ञानालाही मान्य आहे. पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास पोटातलं बाळ आवाजाला दाद देऊ लागतं. रजेवरून परतणाऱ्या एका गाववाल्याबरोबर वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मेतकूट, डिंकाचे लाडू आणि दासबोध पाठवला. सज्जनगड आणि चाफळच्या टापूतली माणसं आम्ही. समर्थ आमच्याकडे घरचेच. चिठ्ठी होती : रोज रात्री एक समास, मोठ्यानं.

पहिला दशक स्तवनांचा, तो सुरळीत पार पडला. दुसऱ्याच्या आरंभीच मूर्खलक्षणं आहेत. बायको एकेका लक्षणाला बोट दुमडत माझ्याकडे बघू लागली, तेव्हा मी तो दशक गुंडाळून तिसरा उघडला. पहिल्या समासाचं नाव पाहिलं, त्यात जन्म हा शब्द होता, म्हटलं प्रसंगाला साजेसं आहे. घसा खाकरून सुरू केलं.

ज्यांनी तो समास वाचलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी नाही वाचला त्यांनी गरोदर बाईजवळ बसून वाचू नये. गर्भवास कसा घाणीचा, कसा कोंडमाऱ्याचा, उकाड्याचा, जंतूंचा, आणि जन्म म्हणजे दुःखाची कशी सुरुवात, हे समर्थांनी वैराग्य यावं म्हणून लिहिलंय. आणि त्यांनी लिहिताना हातचं काही राखलेलं नाही. माझा आवाज चांगला खणखणीत. वाचनाच्या भरात मी चार-सहा ओव्या पुढे गेलो, आणि मग बाथरूमचं दार आपटलं.

बायको बाहेर आल्यावर मी सारवासारव करायला गेलो. म्हटलं, समर्थांचं निरीक्षण अगदीच चुकीचं नाही. शेवटच्या महिन्यांत बाळाभोवतीचं पाणी म्हणजे बव्हंशी बाळाचीच लघवी असते, ती ते पितं आणि परत करतं, रोज शेकडो मिलिलिटर. दार पुन्हा आपटलं.

दासबोध मग देवाजवळ गेला आणि मी रामरक्षेवर आलो. रोज रात्री, पोटापासून वीतभर अंतरावर. पुढे एके दिवशी वाचनात आलं की १९८० मध्ये अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकन संशोधकांनी नुकत्या जन्मलेल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याची लय बदलली की आईचा आवाज ऐकू येईल, अशी सोय केली होती. बाळं लय बदलून आईचा आवाज मागून घेत. वडिलांचं काय? १९८४ मध्ये डिकॅस्पर यांनी तेही तपासलं. वडिलांच्या आवाजासाठी बाळांनी काही कष्ट घेतले नाहीत. परक्या पुरुषाचा आवाज काय आणि बापाचा काय, त्यांना सारखंच. मी रामरक्षा चालू ठेवली. पण आवाज उतरला.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यासाठी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातलं मुंबईचं विमान मी धरलं होतं. छत्तीस आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या गरोदर बाईला घेत नाहीत, हे मला माहीत होतं. माझ्या आराखड्यात त्या दिवशी चौतीसच आठवडे भरले होते. डॉक्टरांचा प्रवासाचा दाखलाही घेतला, घडी घालून पासपोर्टात ठेवला. त्यावरचा आकडा वाचायची गरज वाटली नाही. आकडे माझ्याकडे होते.

काउंटरवरच्या मुलानं दाखला उघडला, वाचला आणि परत दिला. छत्तीस आठवडे, तीन दिवस. "सॉरी सर."

इथे शहाण्या माणसानं मागे फिरायचं. मी लॅपटॉप काढला. काउंटरवर उघडून त्या मुलाला बारचार्ट दाखवला आणि पाळीपासूनची मोजणी ही केवळ एक रूढी असून प्रत्यक्ष गर्भधारणा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली, हे सिद्ध करायला लागलो. तो म्हणाला, सर, तुम्हाला एवढी नक्की तारीख कशी माहीत? मी ते सांगायलाही तोंड उघडलं होतं. मागे दोरीनं करकचून बांधलेली ब्लँकेटं आणि खोकी घेऊन घरी निघालेल्या माणसांची रांग होती. ती एकदम शांत झाली होती. एक वयस्क गृहस्थ तर नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकले.

"बंद कर ते," बायको म्हणाली. लॅपटॉपला की तोंडाला, हे कळलं नाही. मी दोन्ही बंद केलं. ती सामानाच्या ट्रॉलीवर बसली, आईसाठी घेतलेल्या खजुराचा डबा फोडला आणि एकेक खाऊ लागली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे बाळाच्या हिशेबानं तू बरोबर आहेस आणि मिरजेच्या हिशेबानं मी इथे बसलेय." मला आजवर झालेल्या कुठल्याही साइट मीटिंगमध्ये इतका नेमका निष्कर्ष निघालेला नाही.

मग माहेरच विमानानं महबुल्याला आलं. सासूबाईंच्या बॅगेत अळीव, डिंक, बाळगुटीचं सगळं साहित्य. कस्टमच्या माणसानं वेखंडाची पुडी नाकाला लावली, डोळे पुसले आणि बॅग स्वतःच्या हातानं बंद करून दिली.

तारीख मात्र दोन्ही हिशेबांनी एकच येत होती, मार्चचा पहिला आठवडा. ठरल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. तरीही मी निर्धास्त होतो, कारण २५ आणि २६ फेब्रुवारी हे कुवेतचे राष्ट्रीय दिन आणि मुक्तिदिन माझ्या कॅलेंडरमध्ये सुट्टीचे होते, आणि सुट्टीच्या दिवशी प्रायमावेरा कुठलंही काम सुरू होऊ देत नाही. पंचवीसला दुपारी मी ओव्हरटाइमवर मीना अब्दुल्लात होतो, तेव्हा सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, कळा सुरू झाल्यात." मी म्हणालो, "आज?"

त्या दिवसांत कुवेतची पोरं रस्त्यावर उतरायची, पाण्याच्या पिचकाऱ्या आणि फेसाचे डबे घेऊन. गाड्या मुंगीच्या गतीनं सरकत होत्या. एसी बिघडलेला म्हणून माझी काच खाली होती. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अंगावर गंधकाचा वास मुरलेला कव्हरॉल, पायांत सेफ्टी शूज, डोक्यापासून छातीपर्यंत पांढरा फेस. नर्सनं मला आधी इमर्जन्सीकडे वळवलं. तिथून सुटून वर येईस्तोवर लेक जगात आली होती.

काचेपलीकडून मी तिला हात हलवून दाखवला. नवजात बाळाला वीतभर, फार तर हातभर अंतरापलीकडचं धड दिसत नाही. तिच्या दृष्टीनं तिथं कुणीच नव्हतं. ती रडत होती, आणि मी पहिल्यांदाच त्या सगळ्याकडे मीना अब्दुल्लातल्या माणसाच्या नजरेनं बघितलं. पोटात असताना फुप्फुसांत पाणी. रक्ताला तिकडे जायचं कारण नाही, म्हणून हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये एक दार उघडं, आणि मोठ्या दोन रक्तवाहिन्यांना जोडणारी एक आडवाट. पहिला श्वास घेतला की फुप्फुसं फुलतात, डाव्या बाजूचा दाब चढतो, दाराची झडप आपोआप टेकते; आडवाट पुढच्या दिवसा-दोन दिवसांत आवळून बंद. नाळेकडचा पुरवठा तुटतो तो त्याच काही मिनिटांत. चालू लाइनवर, एक ठोका न चुकवता, सगळा प्रवाह नव्या मार्गावर. एवढा बदल आम्हाला रिफायनरीत करायचा झाला तर महिनोन्‌महिने तयारी, परवान्यांच्या फायली, चार कंपन्यांचे सेफ्टी ऑफिसर, आणि शेवटी व्हॉल्व्ह गळतोच. इथे कमिशनिंग झालं तेव्हा प्लॅनिंगचा माणूस खाली फेस पुसत होता.

सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते. सासूबाईंनी पाटाशी ठेवायला कोरा कागद आणि पेन मागितलं. घरात कोरा कागद नव्हता. होते ते माझ्या आराखड्याचे मोठे प्रिंटआउट, मागच्या बाजूनं कोरे. एक दिला. सकाळी पाट उचलताना पाहिलं तर मी कागद उलटा ठेवला होता. सटवाईसमोर रात्रभर माझा बारचार्ट होता. लिहायला तिला समासाएवढीही जागा नव्हती.

हे मी कुणाला बोललो नाही, आणि वर्षभर तशी वेळही आली नाही. मान धरली, पालथी पडली, बसली, सगळं आराखड्याच्या आगेमागे. मग रांगणे. रांगणे शून्य टक्के. आठवा महिना, नववा, दहावा, शून्य. ती बसायची आणि बसल्या बसल्याच, एक पाय वल्ह्यासारखा मारत, बुडावर सरकत घरभर जायची. महबुल्यातल्या त्या गुळगुळीत फरश्यांवर तिचा वेग बघण्यासारखा होता. पण माझ्या आराखड्यात रांगणं पुरं झाल्याशिवाय उभं राहणं सुरू होत नव्हतं, आणि पोरगी तर सोफा धरून उभी राहू लागली होती! प्रायमावेरा लाल खुणा दाखवू लागलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली शेकडो बाळं बारकाईनं बघून २००६ मध्ये कालमर्यादा छापल्या आहेत. भारतातली बाळं दिल्लीची, ओमानची मस्कतची, म्हणजे दोन्हीकडून आपलीच. रांगायला सव्वापाच ते साडेतेरा महिने, एकट्यानं चालायला आठ ते साडेसतरा. एवढी ऐसपैस रुंद खिडकी आम्ही क्लायंटकडे मागितली तर तो हसेल. त्याच अभ्यासात असंही आहे की शंभरातली चार-पाच बाळं रांगतच नाहीत, थेट पुढे जातात. हे मी वाचलं आणि सोडून दिलं, कारण माझी अ‍ॅक्टिव्हिटी उघडी होती.

शिकवलं तर येईल, असं वाटून एका शुक्रवारी मी गुडघ्यांवर आलो. सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. लेक टाळ्या वाजवत बघत होती. तिसऱ्या खेपेला कंबरेत काहीतरी कट्‌ झालं आणि मी टीपॉयखाली, अर्धा आत अर्धा बाहेर, तसाच राहिलो. बायकोनं मदत करण्याआधी मिरज आणि कराड दोन्हीकडे व्हिडिओ कॉल लावला.

सासूबाई म्हणाल्या, पाचवी-सहावीला काही कमी-जास्त राहिलं असेल का हो? मी टीपॉयखालून काही बोललो नाही. आईनं मात्र चष्मा पुसला, पडद्याजवळ आली आणि विचारलं, "हे काय चाललंय?" बायकोनं सांगितलं, पोरगी रांगत नाही म्हणून रांगून दाखवताहेत.

"हा कशाला रांगून दाखवतोय?" आई म्हणाली. "हा कुठं रांगला होता? कराडच्या वाड्यात शेणानं सारवलेल्या जमिनीवर बुडावर घसटत हिंडायचा. चड्ड्या शिवून शिवून माझे डोळे गेले. अण्णांनाच विचार, तेही तसेच."

असं सरकणं कित्येक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतं, हे बालरोगतज्ज्ञांना ठाऊक असतं. मला ते माझ्याच आईकडून, कंबर धरलेल्या अवस्थेत, दोन जिल्ह्यांसमक्ष कळलं.

कॉल संपल्यावर बायकोनं मला बाहेर ओढलं, कमरेखाली उशी दिली, आणि माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन विलंबाचं रजिस्टर उघडलं. 'रांगणे' या ओळीत 'जबाबदार' हा रकाना रिकामा होता. तिनं दोन बोटांनी, सावकाश, 'ठेकेदार' असं टाइप केलं आणि प्रिंट काढला. सही माझी घेतली. मी सही करत असताना पोरगी बुडावर सरकत आली आणि पेन घेऊन गेली.